भट्टीपासून किती कोस

नंदुरबारच्या आमच्या गल्लीत सकाळ दोन आवाजांनी व्हायची. आधी नळाला पाणी आल्यावर हंडे-कळश्यांची आदळआपट आणि मग थोड्या वेळाने सायकलचा रबरी भोंगा. भोंगा वाजला की शेजारची आजी ओट्यावरूनच आत हाक द्यायची, "टोसवाला उना व माय!" मग घराघरांतून ताटल्या, स्टीलचे डबे, परकराचे ओचे घेऊन पोरं बाहेर पळत.

त्या सायकलची रचना मला अजून जशीच्या तशी आठवते. मागच्या कॅरिअरवर दोरीने आवळलेली पत्र्याची पेटी, तिला दर्शनी बाजूला काच. वरच्या कप्प्यात खारी, मधल्यात टोस, तळाला बटर. हे बटर म्हणजे लोणी नव्हे. चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारा तो खरपूस गोल पाव. हँडलच्या दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या आणि त्यांत लादीपाव. पिशव्या पहिल्या तीन-चार गल्ल्यांतच रिकाम्या होत. पेटी मात्र उघडत-मिटत दिवसभर फिरे, गावाबाहेरच्या वस्त्यांपर्यंत आणि रस्त्याकडेच्या खेड्यांपर्यंत. तिथल्या मुलांना लादीपाव क्वचितच दिसे. त्यांच्यापर्यंत पोचायचा तो टोस.

या साध्या गोष्टीचा अर्थ मला फार उशिरा कळला. भट्टीतून निघालेला माल कोणत्या रूपात आपल्या दारात येतो हे भट्टी आणि दार यांच्यातलं अंतर ठरवतं, आणि ते अंतर तोडणारं वाहन ठरवतं. पाव, ब्रेड, खारी, टोस, नानकटाई हे एकाच मैद्याचे वेगवेगळ्या पल्ल्याचे अवतार आहेत.

लाकडाच्या भट्टीचं काम पाहिलं की हे स्पष्ट होतं. विटांच्या घुमटात लाकडं पेटवतात. जाळ ओसरून निखारे उरले की ते बाजूला सारतात आणि विटांनी शोषलेल्या उष्णतेवर माल भाजतात. पहिला मान पावाचा, कारण त्याला सर्वांत तापलेली भट्टी लागते. मळलेल्या मैद्यात खमिराने साठवलेला वायू एकदम फुगला पाहिजे आणि वरची साल त्याच क्षणी धरली पाहिजे. आच जरा उतरली की खारीचे पत्रे आत जातात. खारीत तुपाचा किंवा वनस्पती तुपाचा एक थर आणि मैद्याचा एक थर अशा घड्यांवर घड्या असतात. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती थर उचलते, म्हणून खारी फुलते. त्याहून मंद आचेवर नानकटाई. सगळं आटोपल्यावर, भट्टी निवत चाललेली असताना, आदल्या दिवशीच्या पावाचे काप पत्र्यावर मांडून आत ठेवले जातात. ते तिथे हळूहळू कोरडे पडतात आणि त्यांचा टोस होतो.

आता हाच क्रम टिकण्याच्या हिशेबाने लावून पाहा. पाव एक दिवसाचा, खारी आठवड्याची, नानकटाई त्याहून जास्त आणि टोस महिनाभराचा. भट्टी जसजशी निवते तसतसा तिचा माल लांब जातो. गल्लीत जाणारा माल सर्वांत तापलेल्या भट्टीचा असतो. सातपुड्यात जाणारा असतो तो निवलेल्या भट्टीचा.

पाव शिळा होतो म्हणजे काय होतं? सुकतो, असं आपण सहज म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्ये दाखवून दिलं की ओलावा अजिबात न गमावताही पाव शिळा होतो. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ पडतो. निवल्यावर त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसू लागतात, त्यांचे स्फटिक होतात आणि पाव ताठ होतो. साठ अंशांच्या पुढे तापवला तर हे स्फटिक सैल होतात, म्हणून शिळा पाव तव्यावर टाकला की घटकाभर पुन्हा मऊ लागतो. थंडीत उलट स्फटिक होण्याची क्रिया वेगाने होते. फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बुरशीपासून वाचतो, पण बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. ज्वारीची भाकर सकाळची संध्याकाळी ताठ होते त्यामागेही स्टार्चचा हाच स्वभाव आहे. खानदेशातल्या बायांनी शिळ्या भाकरीचा चुरा फोडणीला घालून त्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपाय काढला, आणि बेकरीवाल्याने टोस भाजून काढला.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पावाला आणखी एक रोग होतो. तापीकाठी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. मैद्यात असलेल्या काही जिवाणूंचे बीजकण भट्टीच्या उष्णतेतही मरत नाहीत. पावाच्या पोटात ओल असते, बाहेर उष्मा असतो, आणि दीड-दोन दिवसांत ते जागे होतात. मग पाव मोडला की आतून चिकट तारा सुटतात आणि वास येतो तो थेट पिकून सडलेल्या खरबुजाचा. तापीच्या वाळूतल्या वाड्यांची खरबुजं ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना हा वास ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच आमच्या भागात उन्हाळ्यातला पाव सकाळचा सकाळीच खपला पाहिजे. टोसात मात्र पाणीच उरलेलं नसतं, त्यामुळे जिवाणू आणि बुरशी दोघांचाही इलाज चालत नाही. शंभर किलो पाव पुरता वाळवला तर साधारण पासष्ट किलो टोस उरतो. बाकीचं पाणी भट्टीतच उडून जातं, ते घाट चढवून न्यावं लागत नाही.

आणि खरं बिस्कीट म्हणजे हा टोसच. बिस्कीट शब्दाचं लॅटिन मूळ पाहिलं तर त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेलं' असा आहे. जहाजांवर, छावण्यांत, लांबच्या प्रवासात पाव दुसऱ्यांदा भाजून न्यायचे, त्याचं हे नाव. आज पुड्यात मिळणारं गोड बिस्कीट एकदाच भाजलेलं असतं. नावाला जागतो तो आमच्या सायकलीवरचा टोस.

ही कला आपल्याकडे कुठून आली याची एक गोष्ट सुरतेत सांगितली जाते. डच व्यापाऱ्यांची तिथे वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत डच सुरतेतून गेले आणि भट्ट्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आल्या. पावाचं पीठ ताडीने आंबवलेलं, त्यामुळे गावातले बरेच लोक त्याला हात लावेनात. न खपलेला पाव वाळून कडक झाला, आणि त्या वाळलेल्या, हलक्या, पचायला सोप्या पावालाच गिऱ्हाईक मिळू लागलं. पुढे तो मुद्दाम वाळवून विकायला सुरुवात झाली, आणि ताडी-अंडी वगळून केलेल्या खुसखुशीत प्रकाराची नानकटाई झाली. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या गावांतून गेली. नवापूरच्या स्टेशनात तर एका बाकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. आमच्या गावच्या चवीत सुरतेचा मोठा वाटा आहे, आणि बेकरीच्या चवीतही तो असावा असं मला मनापासून वाटतं.

पावाला दारापर्यंत यायला रस्त्याइतकंच आणखी एक, सोवळ्या-ओवळ्याचं अंतर तोडावं लागलं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक त्या मंडळींत होते. ते प्रकरण ग्रामण्यापर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. गोव्यात पाव हे धर्मांतराचं चिन्हच मानलं जाई. पाव हा शब्दही पोर्तुगीज. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही सांगोवांगी तेव्हाच्या तिरस्काराची खूण आहे. आमच्या भागातल्या कित्येक भट्ट्या मुस्लिम कुटुंबांच्या. पंचहौदनंतर शंभर वर्षं उलटायच्या आत सोवळ्यातली आजी त्यांच्याच पेटीतला टोस उंबऱ्यावर उभी राहून मोजून घेत होती, आणि टोसवाल्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशीही करत होती. हे काम कुठल्या सभेने केलं नाही. रोज सकाळी दारात येणाऱ्या एका सायकलीने केलं, आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटते.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पाव घोडागाडीतूनही दारात यायचा. तसा पाववाला मात्र मी नंदुरबारात कधी पाहिला नाही. तसं पाहिलं तर घोड्यांना आमच्याकडे तोटा नव्हता. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथे एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी जातीची जनावरं, देशभरातले व्यापारी, रेतीत घोडा फिरवून चाल दाखवणारे स्वार. टांग्याला जुंपायचे घोडेही अशा बाजारांतूनच मिळत. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत आणि मैद्याची पोती टांग्यातून भट्टीकडे जाताना मी पाहिली आहेत. मग तयार पाव टांग्यातून का निघाला नाही?

उत्तर घोड्याच्या चाऱ्यात आहे. पाव खपो वा न खपो, घोड्याला रोज वैरण आणि हरभरा लागतो. ज्या गावात घरोघर ज्वारी-बाजरीची भाकर आणि कळण्याची भाकर होते तिथे पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं किंवा पाहुण्याचा चहा. गल्लीत दहा घरं घेणार, तीही चार-चार. एवढ्या विक्रीवर सायकल पोसते, घोडा पोसत नाही. जिथे पाव हेच रोजचं मुख्य अन्न, तिथे दर घरी रोज एक-दोन मोठे पाव लागतात, तिथेच घोडागाडीचं गणित जुळतं. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथल्या गल्ल्यांत ते जुळलं होतं.

तिथे मोटारी आल्यावरही दूध आणि पाव यांच्या घोडागाड्या कित्येक वर्षं टिकल्या. मला त्याचं कारण फार आवडतं. पाववाला टोपली हातावर घेऊन एका दारातून दुसऱ्या दाराला पायी जातो, आणि रोजची फेरी पाठ झालेला घोडा आपला आपण गाडी घेऊन पुढच्या थांब्यापाशी जाऊन उभा राहतो. मोटारीत दर चार घरांनंतर चढा, सुरू करा, थांबवा, उतरा. शिवाय पावाच्या आकाराचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग हवाच असतो, गाडी शिगोशीग भरली तरी ओझं बेताचंच, त्यामुळे एक घोडा पुरतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर निर्बंध आल्यावर घोड्यांचं महत्त्व पुन्हा वाढलं. पेट्रोल आणि माणसं वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलियात बेकऱ्यांना विभागच वाटून दिले गेले, म्हणजे एका गल्लीत एकाच बेकरीची गाडी.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला हेल्म्स बेकरीने १९३१ पासून १९६९ पर्यंत मोटारीतून घरोघर माल पोचवला. गिऱ्हाइकाने खिडकीत बेकरीची पाटी लावायची, ती पाहून गाडी थांबायची. गाडीची शिट्टी ऐकून मुलं धावायची. गोव्याच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, ओळखही आवाजाचीच. आधी घुंगरासारख्या चकत्या लावलेली बांबूची काठी आपटत तो यायचा, आता सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि टोपलीत उंडे, पोई, कांकणं आणतो. मुंबईच्या जुन्या बेकऱ्यांत गोव्याच्या पोदेरांचे हात राबले, मग इराणी आले. लॉस एंजेलिस, गोवा आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आईने आतून हाक मारायच्या आधी मुलांना पाव आल्याचं कळायचं.

ऑस्ट्रेलियाचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. साठच्या दशकात देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेचा गहू जहाजांनी येत होता. तेव्हा सरकारने १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली, कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियाच्या मदतीने. यंत्रावर भाजलेला, कापलेला, मेणकागदात गुंडाळलेला ब्रेड शहरांत मिळू लागला. जानेवारी २००० मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली. सरकारी कंपन्यांच्या विक्रीतलं ते पहिलं मोठं उदाहरण. कापलेल्या ब्रेडचं यंत्र त्याआधी बरंच जुनं. १९२८ च्या जुलैत अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात चिलिकॉथी गावी असा ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला. कापलेला पाव अखंड पावापेक्षा लवकर कोरडा पडतो, म्हणून त्याला कागद हवाच. कागदाने पावाची हद्द एका गल्लीवरून एका तालुक्यापर्यंत नेली.

आमच्या तालुक्यांना ती हद्द गाठायला एसटी होती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही दशकांत तिने डोंगरापर्यंत वाट काढली. पहाटेच्या मुक्कामी गाडीच्या टपावर भाजीच्या करंड्या, कोंबड्यांच्या डालग्या आणि ब्रेडची खोकी शेजारी-शेजारी जात. कंडक्टरच्या ओळखीवर माल चढे, पुढच्या स्टँडवर दुकानदाराचा मुलगा उतरवून घेई. शहादा, तळोदा, अक्कलकुवा इथवर ब्रेड मऊ पोचायचा. तिथून पुढे सातपुडा सुरू होतो आणि पावाची मर्यादा संपते. तळोद्याहून धडगावकडे चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोईचा घाट. पावसाळ्यात दरड आली की घाट बंद. ज्या मालाला चोवीस तासांचंच आयुष्य आहे त्याने या वाटेने निघायचं धाडस करू नये. ब्रेड परत आला तर नुकसान विकणाऱ्याचं. टोस परत येत नाही.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, आणि त्यात दर दहातले सात जण आदिवासी. यातले कितीतरी जण पाड्यांवर राहतात, एकमेकांपासून सुटी-सुटी घरं, मधे ओढे आणि टेकड्या. गल्ली नसलेल्या गावात फेरीवाला फिरणार कसा? म्हणून तिथे माल माणसाकडे जात नाही, माणसं मालाकडे येतात. आठवडे बाजाराला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात तर डोंगर रिकामा होऊन खाली उतरतो. तेव्हा मी धडगावात पाहिलंय, हार-कंगणं, डाळ्या-मुरमुरे, गुळाची जिलेबी यांच्या ओळीत टोस आणि खारीच्या पारदर्शक पिशव्यांचे ढीग उभे असतात. घाटाच्या हादऱ्यांनी खारीचा निम्मा चुरा झालेला. तो चुरा वेगळा काढून स्वस्तात विकतात, आणि लहान मुलं तोच मागतात. टोसाच्या मात्र थोड्या कडाच तुटतात.

आता सायकली कमी झाल्या. मोटारसायकलीवर तीच पेटी, आणि भोंग्याच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज, 'खारी, टोस, बटर' एकसुरात. २००५ मध्ये टाटांची एस आली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. तिने एसटीच्या टपाची जागा घेतली. प्लास्टिकच्या जाळीदार ट्रेमध्ये लादीपाव भरून ती पहाटे चारला निघते आणि वडापावच्या गाड्या उघडायच्या आत तालुक्याला पोचते. वडापावने पावाला आजाऱ्याच्या खाटेवरून उठवून बसस्टँडवर आणलं, आणि आता खरोखर रोजची विक्री आहे. घोडा पोसण्याइतकी विक्री झाली तेव्हा घोडा राहिला नव्हता. सारंगखेड्याला घोडे आजही येतात, पण खरेदी होते ती लग्नाच्या वरातीसाठी, नाचासाठी, शर्यतीसाठी.

भट्ट्याही बदलत आहेत. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं असा आदेश दिला. धुराचं कारण खरं आहे आणि फुप्फुसं सगळ्यांना सारखीच लागतात. पण गॅसची भट्टी बटण बंद केलं की निवते. तिच्यात ती रात्रभरची उतरती आच उरत नाही. टोस वाळवायला मग वेगळं इंधन जाळावं लागतं, जे पूर्वी फुकट मिळत होतं. टोसाचा भाव ठरवताना ही गोष्ट बेकरीवाल्याच्या डोक्यात असतेच.

एक प्रवास मात्र उलट दिशेचाही होता. दिवाळीच्या आधी आणि मुलांच्या सुट्टीत घरचं सामान भट्टीकडे जायचं. मैदा, रवा, पिठीसाखर, वनस्पती तूप किंवा साजूक तूप, वेलची, सगळं डब्यात भरून. किलोमागे भाजणावळ ठरलेली. आई आणि शेजारणी भट्टीच्या बाकड्यावर बसून आपापल्या पत्र्यावर डोळा ठेवत, कारण एकीचं तूप दुसरीच्या नानकटाईत जाता कामा नये. पत्र्याच्या कोपऱ्यात ओळखीसाठी काजू किंवा चारोळीचा दाणा. गरम डबा मांडीवर घेऊन टांग्याने घरी येताना झाकणाच्या फटीतून येणारा वास पूर्ण गल्लीला सांगे की यांच्याकडे आज झाली.

धडगाव-मोलगीच्या पलीकडे डोंगर उतरतो तो नर्मदेकडे. सरदार सरोवराच्या पाण्याने तिथली कितीतरी गावं वेढली गेली आणि वाटेऐवजी होड्या आल्या. बाजाराच्या दिवशी होडीत मीठ, तेल, मिरची आणि साबणाबरोबर टोसाची पिशवी असते. होडी काठाला लागली की एखादी बाई ती पिशवी डोक्यावरच्या टोपलीत सगळ्यात वर ठेवते, दबू नये म्हणून, आणि पाड्याची चढण चढू लागते.